बाकावरची लिंबं

समुद्रपुरात मार्थाबाईंशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. सापडलाच तर तो नुकताच बदली होऊन आलेला असायचा. पण ज्याचा त्यांच्याशी समेट झाला नाही असाही माणूस गावात नव्हता, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त त्रासाची होती. भांडण बाई कुठेही करीत. समेट मात्र रविवारी सकाळी, तुमच्या घरी येऊन, तुम्ही तोंडात ब्रश घालून उभे असताना.

बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मी इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारी घर घेतलं, तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. पण गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली होती, त्यामुळे त्यांचा दरारा निवृत्त झाला नव्हता. अंगाने सडसडीत, फिकट रंगाची सुती साडी, पायात दवाखान्यातलेच कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने हातात काळी छत्री. लग्न केलं नव्हतं. "सवड भेटली नाई," असं त्या सांगत, आणि त्यावर पुढे विचारायची कोणाची छाती नव्हती.

आमच्या दोघांच्या घरासमोर रस्त्यापलीकडे त्यांचं चर्च. चर्च म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं तसं काही नाही. टिनाच्या छपराची एक खोली, आमच्या शाळेच्या वर्गाएवढी. वर एक क्रूस, फाटकाशी गजाननची चहाची टपरी. ख्रिस्ती घरं मोजकीच. दर रविवारी वर्ध्याहून फादर मोटरसायकलवर येत आणि आठ वाजता मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, सुरू होई. मार्थाबाई सर्वांत शेवटच्या बाकावर बसत, दाराजवळ. शेजारी कापडी पिशवी, पिशवीत त्यांच्या अंगणातली लिंबं. त्यांच्यात अशी पद्धत आहे की मिस्सेच्या मध्यावर लोक आपापलं अर्पण वेदीपाशी नेतात. कोणी तांदूळ नेतं, कोणी भाजी, कोणी फळं. आणि नेमकं त्याच वेळी मार्थाबाई उठत, पिशवी बाकावरच ठेवत, छत्री घेत आणि बाहेर पडत.

पहिल्यांदा त्या अशा बाहेर पडून थेट आमच्या दारात आल्या तेव्हा मला वाटलं चर्चमध्ये कोणाला घेरी आली. आदल्या बुधवारी आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या लिंबाच्या झाडाखाली गेलं म्हणून त्यांनी मला फाटकात उभं करून झापलं होतं. मीही मास्तर असल्याने थोडं उलट बोललो होतो. आता त्या दारात हात जोडून उभ्या होत्या.

"शांती घ्या, सर."

मी म्हटलं, "काय घेऊ?"

"शांती. बुधवारी आपलं झालं ना ते. देवासमोर काही ठेवायचं तर आधी ज्याचं मन दुखलं त्याच्याकडे जाऊन यायचं, असं आमच्या प्रभूनं सांगितलं हाय. अर्पण तिथंच ठेवून जायचं, असं सांगितलं हाय. ठेवून आली. आता तुम्ही घ्या, म्हंजे मी जाते."

मी हात जोडले आणि "घेतली" म्हणालो. दुसरं काय म्हणायचं ते मला शिकवलेलं नव्हतं. बाई समाधानाने वळल्या आणि फाटकातून म्हणाल्या, "पाणी मात्र तुमच्याच मोरीचं होतं. उतार पाहा."

बाईंची शांती ही अशी असे. आधी शांती, मग पुरावा. गावात सर्वांना ते ठाऊक होतं. शांती घेताना लोक पुराव्याचीही तयारी ठेवत.

आता आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा न देता लावून देता येत नाही. माझी बायको सुनंदा त्या पहिल्या रविवारी चहा घेऊन धावत बाहेर आली. बाई म्हणाल्या, "नाई, मिस्सा होईपर्यंत घेत नाई." त्यांच्यात प्रभुभोजन, म्हणजे मिस्सेच्या शेवटी फादर देतात तो भाकरीचा प्रसाद, घ्यायच्या आधी तासभर तरी काही खात-पीत नाहीत. सुनंदाला ते कुठून माहीत असणार! तिला वाटलं आपल्या हातचा चालत नाही. आठवडाभर ती बाईंना पाहून पदर सावरत आत जाऊ लागली. बाईंच्या ते ध्यानात आलं. पुढच्या रविवारी त्या पुन्हा हजर, या वेळी सुनंदासाठी.

"शांती घे सुनंदा. चहाचं मनात ठेवू नको, उपास असते मायावाला."

उपास म्हटल्यावर सुनंदाचा चेहरा उजळला. तिसऱ्या रविवारी बाई आमच्याकडे काही कामाने डोकावल्या तर तिने साबुदाण्याची खिचडी केली होती, वर शेंगदाण्याचा कूट. "उपासाचीच हाय वो बाई," असं म्हणून ती बशी पुढे करीत राहिली. बाई कधी नव्हे त्या गोंधळल्या. खिचडी नाकारली आणि चौथ्या रविवारी खिचडीबद्दल शांती द्यायला आल्या. महिनाभर हे चाललं. हीच गोष्ट कमीअधिक फरकाने गावातल्या प्रत्येक घरात घडली होती, असं मला नंतर कळलं.

बसस्टँडवर तर त्यांनी एकदा वर्ध्याची गाडी थांबवली. सुट्या पैशांवरून त्यांचं एका कंडक्टरशी वाजलं होतं. रविवारी त्या स्टँडवर पोचल्या तर गाडी फाटकातून बाहेर निघत होती. बाई छत्री आडवी धरून गाडीसमोर उभ्या राहिल्या. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "बाई, काऊन मरायले आल्या?"

"शांती घे, मग जा."

ड्रायव्हर समुद्रपूरचाच होता, लहानपणी टोचून घेतलेला. तो म्हणाला, "घे बाप्पा घे, नाई तं इथंच दुपार होईन." कंडक्टरने घेतली. आतल्या दोन-चार उतारूंनीही हात जोडले, आपल्यावरही काही बाकी असेल तर फिटू दे म्हणून.

स्वतःची भांडणं संपली की बाई लोकांची घेत. त्यांच्या गल्लीत दोन भाऊ राहत, थोरला नामदेव आणि धाकटा सुखदेव. दोघं कापसाचे शेतकरी, मध्ये एक विहीर आणि विहिरीवरून कित्येक वर्षांचा अबोला. दोघांचे जन्म बाईंच्या हातचे नव्हते, पण दोघांच्या मुलांचे होते. एका रविवारी बाई त्यांच्या सामाईक अंगणात खुर्ची टाकून बसल्या.

"नामदेव, तुही पोरगी पोटात उलटी होती, ते मी सरळ केली. सुखदेव, तुह्या पोराच्या मानेले नाळ गुंडाळली होती. दोघं बाहेर या. मले मिस्सेले परत जायचं हाय."

दोघं आले. एकमेकांकडे न बघता उभे राहिले. बाईंनी दोघांना हात जोडायला लावले, "शांती घे" म्हणायला लावलं आणि विहीर कोणाची हे कागदावर काढून दाखवलं. बाई गेल्यावर नामदेवने टोपी काढून झटकली. मग म्हणाला, "लय तरास हाय या बाईचा." सुखदेव म्हणाला, "लयच." इतक्या वर्षांनंतर दोघांचं एका मुद्द्यावर एकमत झालं. त्या मुद्द्यावर ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून बोलू लागले आणि पुढे विहिरीचंही मिटलं. बाईंना कोणी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "औषध कडू असलं तरी लागू पडल्याशी काम."

हे सगळं उरकून बाई चर्चमध्ये परत जात. फादरांना सवय झाली होती. बाई बाहेर असल्या की ते एक गाणं जास्तीचं घेत. पण परत आल्यावर काय होई हे मला आमच्या ओट्यावरून दिसे, आणि ते मला बरेच दिवस उमगलं नाही. प्रभुभोजनासाठी सगळे रांगेने पुढे जात. बाई जात नसत. शेवटच्या बाकावर, लिंबांच्या पिशवीशेजारी, ताठ बसून राहत. मिस्सा सुटली की पिशवी तशीच उचलून बाहेर येत आणि लिंबं शेजारीपाजारी वाटून टाकत. सर्वांत जास्त आम्हाला. आमच्या घरी वर्षभर देवापर्यंत न पोचलेल्या लिंबांचं लोणचं असायचं. चवीत काही फरक नव्हता.

अखेर सुनंदानेच एकदा विचारलं. "बाई, तुम्ही गावभर शांती देऊन येता, मंग लिंबं काऊन वापस आणता? आन त्या रांगेत काऊन नाई जात?"

बाई लिंबं मोजल्यासारखं करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक घर बाकी हाय."

ते घर गिरडला होतं, टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायथ्याशी. तिथे त्यांची धाकटी बहीण राहायची. आईबापांनी नावं जोडीने ठेवली होती, मार्था आणि मेरी. मेरीबाई तिकडच्याच शाळेत मास्तरीण होत्या, आता त्याही निवृत्त. आई शेवटपर्यंत मार्थाबाईंकडे होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नाताळसाठी मेरीबाई आईला गिरडला न्यायला आल्या. मार्थाबाईंनी नर्स म्हणून साफ मनाई केली. बीपी वर होतं, छाती भरलेली होती, रस्ता खराब. मेरीबाई रडत परत गेल्या. पुढच्याच आठवड्यात आई गेली. मेरीबाई पोचल्या तेव्हा आईला पांढऱ्या कपड्यात ठेवलेलं होतं. त्या बहिणीला एवढंच म्हणाल्या, "तू नर्सच राह्यली. बहीण नाई झाली." तेव्हापासून बोलणं बंद.

"मंग तुम्ही गेल्या नाई का शांती द्यायले?" सुनंदाने विचारलं.

"दर महिन्याले जाते. दारात उभी राह्यते. ते घेत नाई."

फादरांनी त्यांना समजावलं होतं. म्हणाले होते, बाई, तुम्ही तुमच्याकडून केलं, देव तेवढं धरतो, तुम्ही खुशाल पुढे या. बाईंनी त्यांनाही ऐकवलं होतं. "फादर, पेशंटच्या अंगात गेलं तर इंजेक्शन. मी सुई भरली, एवढ्यानं ताप उतरत नाई."

"मग तो उपास कशाला?" मी न राहवून विचारलं. "रांगेत जायचंच नसतं, तर चहा घ्यायला काय हरकत आहे?"

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी वर्गात खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराकडे बघतो. "रविवारी सकाळी मेरीचा फोन आला तं? मी चहा पिऊन बसलेली असली तं काय करू?"

इतकी वर्षं गावभरच्या चहाला नाही म्हणत, रागरुसवे ओढवून घेत, ही बाई एका फोनसाठी जागा रिकामी ठेवत होती. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मला माझ्या सख्ख्या माणसांबद्दलही फार वेळा वाटलेलं नाही.

सुनंदा मात्र तेवढ्यावर थांबणारी नव्हे. तिने लिंबं टोपल्यात ओतली आणि विचारलं, "दारात उभ्या राहून तुम्ही मेरीबाईले काय सांगता वो?"

"शांती घे म्हणते. आन बीपी किती होतं ते सांगते. रस्त्यात गेली असती आई. डॉक्टरनंबी तेच सांगितलंतं."

"म्हंजे चूक मेरीबाईचीच."

"मी तसं नाई म्हणत."

"बाई, राग नका येऊ देऊ," सुनंदा म्हणाली. "तुम्ही आजपावतो इतक्या दारांत गेल्या. एखाद्या तरी दारात तुम्ही चुकल्या होत्या का?"

बाई उठल्या. रिकामी पिशवी झटकली, घडी केली आणि गेल्या. पुराव्याशिवाय आमच्या घरातून त्या पहिल्यांदाच गेल्या. मी सुनंदाला म्हटलं, "झालं, आता रविवारी येतील." ती म्हणाली, "येऊ द्या."

रविवारी त्या आल्याच. नेहमीच्याच वेळी, मिस्सा अर्धी सोडून. सुनंदाने हात जोडायची तयारी केली होती. पण बाई माझ्याकडे वळल्या.

"सर, गाडी काढता का? गिरडले जायचं हाय."

मी म्हटलं, "आत्ता? मिस्सा सुटल्यावर जाऊ की."

"आत्ता."

वाटेत मी गाडी खड्ड्यात घातली तरी बाईंनी मला झापलं नाही, त्यावरून मी काय ते समजलो. गिरडला रविवारची गर्दी होती. टेकडीकडे माणसं चालली होती, दुकानांत नारळ आणि चादरी. बाईंनी बोळ दाखवला. घर साधंच, पुढे लहानसं अंगण, कुंपणावर वालाचे वेल. मी फाटकापाशीच थांबणार होतो, पण बाईंनी छत्री माझ्या हातात दिली, त्यामुळे मला आत जावं लागलं. बाईंना छत्रीशिवाय मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

मेरीबाईंनी दार उघडलं. तोच चेहरा, जरा गोल. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "आली का? सांग. किती होतं बीपी?"

मार्थाबाईंनी हात जोडले नाहीत. "शांती घे" म्हणाल्या नाहीत.

"बीपीचं नाई सांगत," त्या म्हणाल्या. "आईनं शेवटच्या संध्याकाळी तुले बोलावलंतं. दोनदा म्हणे, मेरीले फोन लाव. मी लावला नाई. म्हटलं, आता ऐकून हे रातची धावत येईन, सकाळी लावू. नाडी पाहिली, मले वाटलं रात निघते. मी चुकली, मेरी. मले वाटलं निघते." मग म्हणाल्या, "हे सांगता येत नव्हतं म्हणून बीपी सांगत होती."

मेरीबाईंचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला. दर्ग्याकडे जाणारी पोरं बोळातून पळत गेली. मला वाटलं आता दार लागणार, आणि मी छत्री उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"आन काय म्हणे?" मेरीबाईंनी विचारलं.

"म्हणे, येताना वालाच्या शेंगा आणायले सांग. तुह्या कुंपणावरच्या."

मेरीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. दार उघडंच राहिलं. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला, बऱ्याच वेळाने गॅस पेटल्याचा, मग कपांचा. मी मनात म्हटलं, चहा येतोय, आता बाई पुन्हा नाही म्हणणार आणि सगळं मुसळ केरात. मी त्यांना हळूच म्हटलंही, "बाई, आज घेऊन टाका." त्यांनी मान हलवली. डोळे पुसत होत्या, पण मान हलवली ती होकाराची होती. एवढ्या वर्षांचा उपास त्या बहिणीच्या कपासाठी मोडायला तयार झाल्या होत्या.

मेरीबाई दोन कप घेऊन बाहेर आल्या. एक मला दिला. बाईंनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला. मेरीबाईंनी तो कप मागे घेतला.

"तू नको घेऊ," त्या म्हणाल्या. "मिस्सा बाकी हाय तुही."

आणि तो चहा त्या स्वतः प्यायल्या, बहिणीच्या शेजारी ओट्यावर बसून. गावभर ज्या बाईला सगळ्यांनी चहा दिला, तिला तिच्या धाकट्या बहिणीने तो नाकारला आणि मार्थाबाई लहान पोरीसारख्या रडल्या. मी माझा चहा संपवला की नाही, मला आठवत नाही.

परत आलो तेव्हा मिस्सा सुटून बराच वेळ झाला होता. लोक घरी गेले होते. फादर पायरीवर मोटरसायकलची किल्ली हातात घेऊन बसले होते. मी म्हटलं, "फादर, तुम्हाला कोणी कळवलं?" ते म्हणाले, "कोणी नाही. बाईंची पिशवी बाकावर होती." बाई आत गेल्या. मी दाराबाहेरून पाहिलं. त्यांनी पिशवी उचलली, रिकाम्या बाकांमधून पुढे गेल्या, लिंबं वेदीपाशी ठेवली आणि दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या. फादरांनी त्यांना प्रभुभोजन दिलं.

त्यानंतर आमच्याकडे लिंबं येईनाशी झाली. सुनंदा लोणच्यासाठी बाजारातून विकत आणू लागली आणि दर वेळी भाव ऐकून माझ्याकडे बघे, जणू गाडी मी काढली म्हणूनच हे झालं.

बाईंचा स्वभाव बदलला असं कोणी म्हणत असेल तर तो माणूस नुकताच बदली होऊन आलेला असेल. फक्त शांती देऊन फाटकातून वळत तेव्हा पुरावा कधी द्यायच्या, कधी विसरायच्या. पुढे गुडघे फार धरले तेव्हा मेरीबाई त्यांना गिरडला घेऊन गेल्या, आणि तिथेच, दोन पावसाळ्यांपूर्वी, त्या गेल्या. बहीण जवळ होती.

मला त्या आठवतात त्या गिरडला जायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी. आदल्या दिवशी चहात पाणी जास्त म्हणून त्यांनी गजाननला चारचौघांत झाडलं होतं. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. बाई चर्चमधून निघाल्या आणि छत्री टेकत टपरीपुढे उभ्या राहिल्या. गजाननने त्यांना येताना पाहूनच चहाचं भांडं स्टोव्हवरून खाली उतरवलं होतं.

"शांती घे, गजानन."

"घेतली बाई. चहा मिस्सेनंतर ठेवतो. पाणी तुमच्यासमोर टाकतो."

पूर्वी गावातून परतताना बाई सावकाश येत. त्या दिवशी गुडघे दुखत होते, तरी त्या घाईत होत्या. आत फादरांचं ते जास्तीचं गाणं संपत आलं होतं, आणि त्यानंतर रांग होती.